चल मालमत्ता, सातारा ते सांगली

चिंतामणराव वैशंपायनांनी आपल्या आगगाडीचा विमा उतरवायचं ठरवलं, त्याला कारण जावयाच्या तोंडून निसटलेला एक शब्द. धवल तसा गुणी जावई. बंगळुरात चांगली नोकरी, सासऱ्यांशी बोलताना आवाज नेहमी एक पट्टी खाली. पण एका रविवारी फोनवर, पोराला भरवता भरवता तो म्हणून गेला, "बाबा, तिथं एकटे काय करता? ती खेळणी देऊन टाका कुणाला तरी आणि या इकडे."

चिंतामणराव "बघू" म्हणाले, त्यांनी फोन ठेवला आणि ते हॉलच्या दारात जाऊन उभे राहिले.

हॉल म्हणायचं एवढंच. माणसाला बसायला त्यात दाराजवळच्या दोन खुर्च्या होत्या. उरलेली सगळी जागा सातारा-सांगली लोहमार्गानं व्यापली होती. कमरेएवढ्या उंचीच्या फळ्या तीन भिंतींच्या कडेनं फिरवून त्यावर बोटभर रुंदीचे रूळ. मधली बारकी स्टेशनं गाळून नऊ स्टेशनं. कृष्णा नदी काचेची, ऊस हिरव्या रंगात बुडवलेल्या काथ्याचा. रहिमतपूरच्या अलीकडे रेल्वे फाटकाशी खोळंबलेली बैलगाडी, आणि गाडीवानाच्या चेहऱ्यावर भिंगातून पाहिलं तर चक्क वैताग. बावीस वर्षांचं काम होतं ते. इंजिनं काही मुंबईहून, काही परदेशातून मागवलेली. डबे, सिग्नल, फलाट, पाण्याच्या टाक्या सगळं घरी केलेलं. रोज संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी साताऱ्याहून गाडी सुटायची आणि प्रत्येक स्टेशनात नियमाप्रमाणे थांबत पावणेसहाला सांगलीत लागायची. कधी मसूरला क्रॉसिंग असलं तर दोन मिनिटं उशीर. त्याची नोंद व्हायची.

ही खेळणी.

धवल असं बोलल्याचं त्यांना उमाताईंना सांगायचं होतं. पण उमाताई, म्हणजे चिंतामणरावांच्या पत्नी, बंगळुरातच होत्या. मुलीच्या, ऋचाच्या, बाळंतपणाला म्हणून तीन महिन्यांसाठी गेल्या होत्या. बाळ आता दोन वर्षांचं झालं होतं आणि तीन महिने अजून चालूच होते. रोज आठच्या सुमाराला त्यांचा फोन यायचा. "जेवलात का" आणि "गोळी घेतलीत का" एवढं झालं की नातू फोन हिसकावून घ्यायचा, आणि मग बराच वेळ त्याच्या श्वासाचा आवाज ऐकावा लागायचा. चिंतामणराव तो शेवटपर्यंत ऐकायचे.

तर विमा. एखाद्या कंपनीनं शिक्का मारून लिहून दिलं की अमुक वस्तू मौल्यवान आहे, की ती खेळणी राहत नाही, असा चिंतामणरावांचा हिशेब. माणूस आयुष्यभर सरकारी कचेरीत राहिला की शिक्क्यावर त्याची देवापेक्षा जास्त श्रद्धा बसते. ते नदीच्या पूररेषा आखणाऱ्या कचेरीत आरेखक होते, आणि शिक्का नसलेला कागद म्हणजे नुसता कागद, हे त्यांचं मत निवृत्तीनंतरही बदललं नव्हतं.

पहिला सल्ला शेजारच्या नानासोंनी दिला. नानासो फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मूळचे खंडाळ्याकडचे. गावी भाऊ ऊस बघायचा आणि नानासो सांगलीत दुमजली घर बांधून आख्ख्या गल्लीची शिस्त बघायचे. त्यांनी कंपाउंडच्या भिंतीवर हात टेकून सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःचा अनुभव सांगितला. त्यांनी गावाकडच्या म्हशीचा विमा काढला होता. तेव्हा डॉक्टर आला, म्हशीला तपासलं, कानाला नंबरचा बिल्ला मारला. पुढं म्हैस मेली, तर कंपनी म्हणाली कान दाखवा.

"म्हनून सांगतो, आवं, पयल्यांदा तुमच्या इंजनाला बिल्ला मारून घ्या," नानासो म्हणाले. "उद्या काय झालं तर कान कुठनं दावनार?"

चिंतामणरावांनी आभार मानले. त्यांच्या इंजिनाची म्हशीशी तुलना झाली होती, पण खेळण्यापेक्षा म्हैस बरी, असं त्यांनी मनाशी ठरवलं. म्हशीचा निदान विमा तरी होता.

नानासोंच्याच ओळखीनं विमा एजंट आला. धैर्यशील त्याचं नाव, पलूसचा. पस्तिशीचा, अंगानं दणकट, पाठीला बॅग, हातात टॅब. फोनवर "गाडीचा विमा" एवढंच बोलणं झालं होतं, त्यामुळे फाटकातून आत आल्यावर त्यानं अंगणात डावीकडे उजवीकडे पाहिलं आणि गाडी कुठं लावलीय म्हणून विचारलं. चिंतामणरावांनी त्याला हॉलमध्ये नेलं. धैर्यशील दारातच थबकला. मग चपला काढून, देवळात शिरावं तसा आत आला आणि काही न बोलता रुळांच्या कडेकडेनं सांगलीपासून साताऱ्यापर्यंत चालत गेला. भिलवडीपाशी मात्र खाली वाकला. भिलवडी त्याचं आजोळ.

"काका," तो म्हणाला, "हितं स्टेशनाच्या मागं पेरूची बाग हाय. ती न्हाई दावली."

पुढच्या वेळी तो आला तेव्हा पेरूची बाग लावलेली होती.

पण ते पुढचं. त्या दिवशी अर्ज भरायला घेतला तेव्हा टॅबनं विचारलं, विमा कशाचा. यादीत दागिने होते, घरगुती सामान होतं, वाहन, यंत्र, दुकानातला माल आणि पाळीव जनावरं होती. आगगाडी नव्हती. धैर्यशीलनं डोकं खाजवून "वाहन" टाकलं. गाडीच आहे म्हटल्यावर वाहनच. टॅबनं लगेच नोंदणी क्रमांक मागितला, चासी नंबर मागितला, चालकाचा परवाना मागितला. चिंतामणरावांकडे स्कूटरचा परवाना होता, त्याची मुदत सहा वर्षांपूर्वी संपली होती. तो जोडून अर्ज गेला. आठ दिवसांनी परत आला. वाहनाच्या धूर तपासणीचं प्रमाणपत्र नाही म्हणून. चिंतामणरावांनी उलट पत्र लिहिलं की गाडी विजेवर चालते, धूर सोडत नाही, सोडायला हवा होता पण त्याची सोय अजून जमलेली नाही.

मग "यंत्र" म्हणून अर्ज गेला. कंपनीनं कारखान्याचा परवाना आणि कामगारांची संख्या विचारली. धैर्यशीलनं संख्या एक लिहिली. तर त्या एका कामगाराचं वय कंपनीला जास्त वाटलं.

हे सगळं गुरुवारी चालायचं, कारण गुरुवारी धैर्यशीलची सांगलीत फेरी असायची. अर्ज परत आला की तो कागद घेऊन यायचा, दाराजवळच्या दुसऱ्या खुर्चीवर बसायचा, चहा घ्यायचा आणि मग म्हणायचा, सोडा की एकदा गाडी. चिंतामणराव वेळापत्रक सोडून भलत्याच वेळी गाडी सोडायचे. हे नियमात बसत नव्हतं. म्हणून त्यांनी वेळापत्रकात "विशेष, फक्त गुरुवार" अशी एक गाडी घातली आणि मग ते बसलं.

घरकामाला येणाऱ्या भामाबाईंच्या लक्षात आलं की बुधवारी आलं संपलेलं चालत नाही आणि गुरुवारी सकाळी साहेब दाढी करतात. त्या बोलल्या काहीच नाहीत. फक्त बुधवारी न विचारता आलं आणायला लागल्या.

तिसऱ्या खेपेला अर्ज घराच्या विम्यातच, "घर व त्यातील जडित वस्तू" असा गेला, आणि आता कंपनीला पाहिजे होता दाखला, की घर पूररेषेच्या आत नाही. आता हा दाखला देणारी कचेरी म्हणजे चिंतामणरावांचीच जुनी कचेरी. ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले. त्यांना वाटलं होतं, कुणीतरी खुर्चीवरून उठेल. कुणी ओळखलंच नाही. ज्या टेबलावर त्यांनी एकतीस वर्षं काढली तिथं पाण्याचं मशीन होतं. एका कारकुनानं अर्ध्या तासानं नकाशा शोधून आणला आणि टेबलावर पसरला.

नकाशा सुरेख होता. हे चिंतामणराव स्वतःच्या कामाबद्दल म्हणत नव्हते, पण सुरेख होता. निळी रेषा नदीच्या कडेनं वळत वळत गल्लीत शिरली होती आणि त्यांच्या बैठ्या घराच्या चौकोनातून नेमकी गेली होती. मागचं स्वयंपाकघर रेषेत, पुढचा हॉल रेषेबाहेर. आखताना ते आपलं घर आहे हे त्यांना माहीत होतं. रेषा पाच फूट मागं सरकवली असती तर कुणालाही कळलं नसतं. ती त्यांनी सरकवली नव्हती, आणि त्याचा अभिमान त्यांना आजवर कुणापुढं सांगता आला नव्हता, कारण तसा विषयच कधी निघाला नव्हता.

कारकून म्हणाला की अर्धं घर आत आणि अर्धं बाहेर असा दाखला देता येत नाही. रेषा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या अलीकडं की पलीकडं याचा खुलासा ज्यानं नकाशा काढला त्यानंच करावा लागेल, आणि तो माणूस आता कुठं असेल कोण जाणे. जुनी माणसं. बरीचशी गेली.

"मीच तो," चिंतामणराव म्हणाले.

कारकुनानं त्यांच्याकडे पाहिलं, नकाशाच्या कोपऱ्यातल्या सहीकडे पाहिलं आणि ओळखपत्र मागितलं. शेवटी चिंतामणरावांनी आरेखक या नात्यानं खुलासा लिहिला, अर्जदार या नात्यानं तो स्वीकारला, आणि "हॉल रेषेबाहेर" असा दाखला घेऊन ते बाहेर पडले. रस्त्यानं जाताना त्यांना हे कुणाला तरी सांगावंसं फार वाटत होतं. गुरुवारला अजून चार दिवस होते.

दाखला मिळाल्यावर कंपनीनं पाहणीला माणूस पाठवला. माणूस म्हणजे ज्ञानदा नावाची मुलगी निघाली. साताऱ्याची, तिशीच्या आतली, हातात टेप आणि मोजमापाची सवय असलेले डोळे. तिनं फळ्या मोजल्या, वायरी तपासल्या, उंदीर लागतात का विचारलं. चिंतामणराव तिच्या मागं मागं प्रत्येक स्टेशनाची माहिती देत होते. सातारा स्टेशनापाशी तिनं पेन थांबवलं.

ती म्हणाली, "काका, स्टेशन चुकलंय. आमचं स्टेशन गावात नाही, माहुलीला आहे. रिक्षानं जावं लागतं."

"माहीत आहे."

"मग?"

चिंतामणरावांनी घसा साफ केला. उमाताईंचं माहेर साताऱ्याचं. दर खेपेला गाडीतून उतरलं की रिक्षासाठी ताटकळत त्या म्हणायच्या, कोणत्या शहाण्यानं हे स्टेशन एवढं लांब ठेवलंय. म्हणून चिंतामणरावांनी ते गावात आणून, त्यांच्या माहेरच्या गल्लीच्या तोंडाशी ठेवलं होतं. पण हे पाहणीच्या अहवालात कसं सांगायचं. त्यांनी "जागेच्या अभावी" असं सांगितलं, आणि ज्ञानदानं तसं लिहिलं.

मग तिनं विचारलं, ही वस्तू या खोलीतून बाहेर काढता येईल का. इथं मात्र चिंतामणरावांची छाती फुगली. अशक्य, त्यांनी सांगितलं. सगळी बांधणी खोलीतच झाली आहे, आख्खी एकसंध आहे, दारातून जाणारच नाही. बाहेर काढायची तर कापावी लागेल. ज्ञानदानं लिहिलं, "अचल." मग समजावून सांगितलं की हे चांगलंच आहे. अचल आहे म्हणून घराच्या विम्यात बसेल. फक्त जागेवरून हलवायची नाही, तुकडे करायचे नाहीत. केले की ती चल मालमत्ता झाली, आणि मग पॉलिसी लागू नाही.

आगगाडी अचल. चिंतामणरावांना यात काही चूक आहे असं वाटलं, पण सही करायच्या घाईत त्यांनी ते सोडून दिलं.

शेवटचा प्रश्न तिनं खाली बघतच वाचला. वस्तू रोज साधारण किती माणसं बघतात?

चिंतामणराव म्हणाले, "गुरुवारी दोन."

"आणि इतर दिवशी?"

त्यांनी फाटकाशी उभी असलेली बैलगाडी उगाच सरळ केली. ज्ञानदानं थोडं थांबून एकचा आकडा घातला आणि वही मिटली. चहा झाला, पोहे झाले, तरी ती आणखी थोडा वेळ बसली. पाच दहाची गाडी बघूनच निघाली.

आता पॉलिसी तयार होती. फक्त तीन ठिकाणी सही आणि एका ठिकाणी फोटो. त्यातली पहिली सही चिंतामणरावांच्या हातून खरोखरच चुकली. कागद परत आला, आणि कागदाबरोबर धैर्यशील आला. पुढच्या आठवड्यात जन्मतारीख चुकली. त्याच्या पुढच्या आठवड्यात फोटोच्या चौकोनात अर्जदाराऐवजी इंजिनाचा फोटो चिकटला गेला. प्रत्येक चुकीला एक गुरुवार पडत होता आणि चिंतामणरावांचं मन त्यांना खात नव्हतं असं नाही, पण गुरुवार आला की ते खायचं थांबायचं.

चौथ्या खेपेला धैर्यशीलनं चहा घेतला नाही. कपाकडं बघत बसला. मग म्हणाला, "काका, एक इचारू? तुमचं अक्षर छापल्यावानी. नकाशात केसाचा फरक न्हाई. आन तुमी सवताचं जन्मसाल चुकताय व्हय?"

चिंतामणरावांनी चष्मा पुसायला घेतला.

त्या फाइलवरून साहेब महिनाभर आपल्याला सुनावतोय, असं धैर्यशीलनं सांगितलं. तक्रारीच्या सुरात नाही, नुसतं सांगितलं. मग म्हणाला, "चा प्यायला यायला अर्ज कशाला पायजे? नुसतं सांगा की. येतो."

चिंतामणरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी तिथल्या तिथं तिन्ही सह्या केल्या, एकाखाली एक, छापल्यासारख्या, आणि स्वतःचा फोटो सरळ चिकटवला. कागद घेऊन धैर्यशील गेला. आठ दिवसांत पॉलिसी पोस्टानं आली. शिक्का होता, नक्षीची किनार होती. चिंतामणरावांनी तिचा फोटो काढून धवलला पाठवला. त्यानं उत्तरादाखल वर केलेल्या अंगठ्याचं चित्र पाठवलं. तो अंगठा चिंतामणरावांनी पुष्कळ वेळ पाहिला, पण अंगठ्यात काही जास्त सापडलं नाही.

गुरुवार आला. "नुसतं सांगा" असं धैर्यशील मनापासूनच म्हणाला होता, पण नुसतं सांगायचं म्हणजे फोन उचलून काय सांगायचं, ते चिंतामणरावांना सुचेना. भामाबाईंनी आलं आणलेलं होतं. त्यांनी दोन कप काढले, एक परत ठेवला आणि विशेष गाडी वेळेवर सोडली.

ऑगस्टात धरणं भरली. वरून पाणी सोडल्याचे निरोप यायला लागले आणि सगळ्या सांगलीचं लक्ष आयर्विन पुलापाशी मोजल्या जाणाऱ्या पाण्याच्या फुटांकडे लागलं. एरवी क्रिकेटचा स्कोअर विचारतात तसं माणसं एकमेकांना फूट विचारतात तेव्हा. नानासोंनी भिंतीवरून हुकूम सोडला, सामान आवरा, आमच्या माडीवर चला. चिंतामणरावांनी शांतपणे सांगितलं की पाणी आलं तर स्वयंपाकघरात येईल, उंबरा ओलांडणार नाही. रेषा त्यांनी स्वतः आखली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी स्वयंपाकघरात आलं. हळूहळू फरशीवर पसरत उंबऱ्यापर्यंत आलं आणि थांबलं. खरोखर थांबलं. चिंतामणराव पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेऊन उंबऱ्याच्या अलीकडे उभे होते, आणि पाणी पलीकडे उभं होतं. एकतीस वर्षांच्या नोकरीत साहेबांनी दिली नव्हती ती पावती नदीनं दिली होती. त्यांनी नानासोंना हाक मारून बोलावून घेतलं आणि उंबरा दाखवला. नानासो बघत राहिले. म्हणाले, मानलं.

तासाभरानं पाणी उंबऱ्यावरून हॉलमध्ये आलं. नदीनं नकाशाचा मान ठेवला होता, पण कायमचा ठेवला नव्हता.

पलूसचा रस्ता बंद झाल्यामुळं धैर्यशील सांगलीतच अडकला होता. नानासोंनी फोन केल्याबरोबर तो घोट्याएवढ्या पाण्यातून आला. दोघांनी फळ्या हलवून पाहिल्या. हलेनात. दारातून तर जाणारच नव्हत्या. नानासो घरी जाऊन करवत घेऊन आले आणि तिथंच धैर्यशीलनं हात आडवा केला. एजंट म्हणून सांगणं त्याला भाग होतं.

"काका, कापली की चल झाली. पॉलिसी गेली. हाय अशी बुडू दिली, तर कंपनी भरपाई देईल."

"आन गाडी?" नानासो म्हणाले.

धैर्यशीलनं आडवा धरलेला हात खाली घेतला. पाण्यावर भामाबाईंची केरसुणी तरंगत हॉलमध्ये आली. चिंतामणरावांनी शिक्क्याच्या कागदाबद्दल विचार केला. नक्षीच्या किनारीचा तो कागद कपाटात वरच्या खणात होता, अगदी कोरडा. मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, पट्टी घेतली आणि कराडच्या पुलापाशी रुळांवर काटकोनात एक रेघ मारली. रेघ सरळ आली.

पाच ठिकाणी कापलं. करवत नानासोंनी चालवली, फळी धैर्यशीलनं धरली आणि भामाबाईंनी डबे पदरात गोळा केले. चिंतामणराव रुळावरून करवत गेली की तोंड फिरवायचे. सहा तुकडे डोक्यावरून नानासोंच्या माडीवर गेले. बोगदा निसटला आणि फुटला, कृष्णेची काच तडकली, वैतागलेला गाडीवान कुठं गेला ते कळलंच नाही. तिसऱ्या प्रहरी हॉलमध्ये छातीइतकं पाणी होतं आणि ते पाच दिवस हललं नाही.

रस्ता सुरू झाला त्या दिवशी उमाताई आल्या. कळवून नाही, सरळ आल्या, पदर खोचला आणि भामाबाईंबरोबर चिखल काढायला लागल्या. दहा दिवस घर धुवायचं काम चाललं. भिंतींवर छातीएवढ्या उंचीवर पाण्याची रेघ उमटली होती. या दहा दिवसांत चिंतामणरावांशी त्यांचं बोलणं बादली, झाडू आणि फिनेल यापलीकडं फारसं झालं नाही. पण भामाबाई बोलल्या. नानासो बोलले. धैर्यशीलही एकदा येऊन तासभर बोलून गेला. संध्याकाळी उमाताई माडीवर जाऊन सातारा स्टेशनच्या तुकड्यापाशी उभ्या राहिल्या. त्यांनी आपल्या माहेरची गल्ली ओळखली असावी. विचारलं काही नाही.

अकराव्या दिवशी त्यांची परतीची गाडी होती. ऋचाची रजा संपली होती. सांगली स्टेशनवर ऊन पडलं होतं. चिंतामणरावांनी बॅग आत ठेवली, खिडकीशी येऊन उभे राहिले आणि गाडी वेळेवर आहे असं म्हणाले. उमाताई खिडकीच्या गजांवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत होत्या.

"त्या साताऱ्याच्या मुलीला पोहे केलेत म्हणे."

"हो. म्हणजे, पाहणीला आली होती."

"विम्याच्या निमित्तानं इतक्या माणसांना घरी बोलावलंत," उमाताई म्हणाल्या. "मला दोन वर्षांत एकदा ये म्हणाला नाहीत."

चिंतामणरावांनी फलाटाच्या टोकाच्या सिग्नलकडं पाहिलं. "तू कामात होतीस," ते म्हणाले.

सिग्नल पडला. गाडीला हिसका बसला. उमाताईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "बरं, येते मी."

"ये," चिंतामणराव म्हणाले.

आता यात बोलून चालून अर्थ काहीच नाही. जाणारं माणूस येतो म्हणतं आणि राहणारं ये म्हणतं, ही आपल्याकडची रीत. त्याला कुणी आमंत्रण समजत नाही. चिंतामणरावांना हे रिक्षात बसल्यावर कळलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ये म्हटलं होतं आणि ते नेमकं निरोपात वाया गेलं होतं.

घरी हॉल रिकामा होता. खुर्च्या वाळत घातलेल्या होत्या, म्हणून ते उंबऱ्यावर बसले. तेवढ्यात फोन वाजला. एरवी आठला वाजायचा, आता साडेतीन वाजले होते.

"मिरज आलं," उमाताई म्हणाल्या. "इथं जरा वेळ थांबते म्हणे गाडी. गोळी घेतलीत का?"

चिंतामणराव म्हणाले, घेतली. मग म्हणाले की मघाशी स्टेशनवर मी ये म्हटलं, ते रीत म्हणून म्हटलं नव्हतं. म्हणजे तोंडातून रीतीनंच आलं, पण नंतर विचार केला तर ते तसं नव्हतं. एकदा सुरू झाल्यावर त्यांना थांबता येईना. संध्याकाळी पाच दहाची गाडी सोडल्यावर पावणेसहा वाजतात, आणि त्यानंतर आठपर्यंत काय करायचं हे आपल्याला दोन वर्षांत जमलेलं नाही, असं त्यांनी सांगितलं. अर्ज मुद्दाम चुकवले, हेही सांगितलं. स्टेशन गावात कुणासाठी आणलं ते सांगितलं. आपल्याला बंगळूर सोसणार नाही हे खरं, पण तू महिनाभर इथं आणि महिनाभर मी तिथं, असं काही वेळापत्रक बसवता येईल, क्रॉसिंगला दोघं एका ठिकाणी थांबू, असंही सुचवून पाहिलं. ये म्हणाले. दसऱ्याला ये, आणि येताना जायचं तिकीट काढू नकोस.

पलीकडून काहीच आवाज नव्हता. त्यांनी फोन कानापासून दूर धरून पाहिला. बोलणं अठरा सेकंदांनी तुटलं होतं. म्हणजे उमाताईंना गोळी घेतल्याचं तेवढं कळलं होतं.

चिंतामणरावांनी चष्मा वर सरकवला. मग त्यांनी नंबर शोधला. या फोनवरून उमाताईंना त्यांनी स्वतः कधी फोन लावला नव्हता. यायचा तो तिकडून यायचा. नंबर लागला नाही. पुन्हा लावला. बाई म्हणाली, संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. ते उठून अंगणात गेले, तिथं रेंज बरी असते, आणि तिसऱ्यांदा लावला. भिंतीपलीकडून नानासोंनी मान वर काढली, चेहरा पाहिला आणि मान परत खाली घेतली.

घंटा वाजली. उमाताईंनी उचलला, मागं गाडीचा खडखडाट होता. "अहो, काय झालं?" त्यांनी विचारलं.

चिंतामणराव पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.